तुटलेली शीर आणि जिममधली कुपी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या पंधरवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत खेळताना होणाऱ्या दुखापतींवर पानभर मजकूर आला होता, त्यात शेवटी शेवटी चार ओळी पेप्टाइडवर (म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, प्रथिनाचाच लहान भाऊ) होत्या, की टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, तुटलं असेल तर ते लवकर भरून यायला आता पेप्टाइडची इंजेक्शनंपण मिळतात म्हणून. त्या चार ओळी वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, कारण ती इंजेक्शनं मी घेतलीयेत, स्वतःच्या हाताने पोटात टोचून घेतलीयेत, महिनाभर. काय झालं ते सांगतो. पत्र लांबणार आहे, कापलंत तरी चालेल, पण मधला पेप्टाइडचा आणि शेवटचा पोलीस भरतीच्या पोरांचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

माझं वय ४७. बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत, आणि सकाळी सहाच्या बॅचला बॅडमिंटन, गेली नऊ वर्षं. गेल्या वर्षी गणपती उठले त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. तिसरा गेम चालू होता, समोरच्याने नेटजवळ ड्रॉप टाकला, तो उचलायला मी डाव्या पायाने रेटा देऊन पुढे झेपावलो तर फट् करून आवाज आला आणि मला वाटलं मागून कुणीतरी टाचेवर रॅकेट मारली, मी वळून बघितलंसुद्धा, मागे कोणीच नव्हतं. आवाज शेजारच्या कोर्टवरच्यांनी पण ऐकला. दुखलं म्हणाल तर फार नाही, आणि हेच फसवं असतं. जवळच्या दवाखान्यात पाय मुरगळलाय म्हणून क्रेप बँडेज बांधून दिलं आणि मी दोन दिवस तसाच लंगडत ब्रँचला गेलो.

तिसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांनी मला पालथं झोपवलं, पावलं टेबलाच्या बाहेर, आणि पोटरी हाताने दाबली. उजवी दाबली की पाऊल आपोआप खाली हलायचं, डावी दाबली तर पाऊल ढिम्म. टाचेच्या वर चार बोटांवर हात लावला तर बोट आत जाईल असा खड्डा. टेंडन पूर्ण तुटलं होतं. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितोय, कारण बोटं हलतायत, चालता येतंय म्हणजे मुरगळाच असणार असं समजून आठवडेच्या आठवडे घालवणारे लोक मला नंतर फिजिओच्या वेटिंगमध्ये भेटले.

आपण याला नस म्हणतो, शीर म्हणतो, पण ही रक्ताची नस नव्हे. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधून ठेवणारा दोर आहे तो, पुस्तकात कंडरा म्हणतात. बहुतेक सगळा कोलॅजनचा, आणि नेमका टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून बहुतेकांचं तिथेच तुटतं आणि भरायला पण वेळ लागतो.

ऑपरेशन झालं, टाके व्यवस्थित, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. (ऑपरेशनच केलं पाहिजे असंही नसतं हे मला नंतर कळलं. नॉर्वेमध्ये ५२६ पेशंटवर झालेला मोठा अभ्यास २०२२ साली छापून आलाय, त्यात एक वर्षानंतर ऑपरेशनवाले आणि घोटा हलू न देणाऱ्या आधाराच्या बुटातच पाय ठेवून बरे झालेले यांच्यात फारसा फरक नव्हता, फक्त पुन्हा तुटण्याचं प्रमाण ऑपरेशन न केलेल्यांत ६.२ टक्के आणि केलेल्यांत ०.६ टक्के होतं, उलट मज्जातंतूंना इजा ऑपरेशनवाल्यांत जास्त. म्हणजे विचार करून ठरवायची गोष्ट आहे. मला हे ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं नाही.) माझी तक्रार आहे ती डिस्चार्जच्या दिवसाची. हातात कार्ड दिलं, त्यावर गोळ्यांची नावं, टाके काढायची तारीख आणि फिजिओथेरपी करावी एवढं एक वाक्य. कधीपासून करावी, पायावर किती भार द्यावा, बूट रात्री काढायचा का, बुटातल्या टाचेखालच्या पाचरी कधी काढायच्या, किती महिन्यांनी पायऱ्या उतरता येतील, यातलं काहीच नाही. विचारलं तर सांगितलं दोन आठवड्यांनी दाखवायला या. बाहेर चाळीस माणसं बसली होती, त्या डॉक्टरांचाही मला राग नाही आला तेव्हा. पण मी घरी आलो तो हातात एक वाक्य घेऊन, आणि पुढचे सहा महिने समोर कोरे.

आमच्या सोसायटीच्या मागेच जिम आहे. तिथला ट्रेनर मुलगा चांगला आहे, माझ्या आईला लिफ्टपर्यंत हात धरून नेणारा, म्हणून मी त्याचं, जिमचं आणि माझं पण नाव छापू नका म्हणतोय. तो भेटायला आला, माझ्या शेजारी बसला, तासभर बसला. हॉस्पिटलमध्ये मला कुणी दहा मिनिटं दिली नव्हती आणि याने तासभर दिला. म्हणाला, काका, सहा महिने कशाला थांबताय, बीपीसी मारा, सोबत टीबी-५०० पण देतो, दोन्ही पेप्टाइडंच, जोडीने घेतलं की दीड महिन्यात पळाल, माझा खांदा असाच भरला. मी जोडी नाही घेतली, फक्त बीपीसी-१५७ च्या चार कुप्या घेतल्या, एक ३,८०० ची. बिल नाही, फोनवरून पैसे पाठवले.

कुपी अंगठ्याच्या पेराएवढी. तळाशी पिठीसाखर ओलसर होऊन चिकटावी तशी पांढरी चकती, वरती निळं झाकण. वेगळ्या बाटलीतलं पाणी सिरिंजने काढून कुपीच्या कडेवरून हळूहळू सोडायचं, हलवायचं नाही, फ्रीजमध्ये ठेवायचं, आणि इन्सुलिनच्या बारीक सुईने रोज बेंबीच्या बाजूला टोचायचं. फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ती मी ठेवायचो. आईने दोनदा विचारलं हे कसलं औषध, मी म्हटलं पायाचंच आहे. खोटं नव्हतं ते माझ्या दृष्टीने.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात दुखणं जवळजवळ गेलं. सूज उतरली. मला पक्की खात्री झाली की कुपीने काम केलं. बूट घरात काढून फिरायला लागलो. दिवाळीच्या दोन दिवस आधी आकाशकंदिलाचा खोका माळ्यावरून काढायचा होता, मुलगा क्लासला, बायको ऑफिसात, मी स्टूलवर चढलो आणि खोका कडेला होता म्हणून चवड्यांवर उंच झालो. फक्त एवढंच. टाचेच्या मागे काहीतरी ओलं फडकं पिळल्यासारखं सरकलं. पडलो नाही, मांडणीला धरून खाली बसलो, आणि संध्याकाळपर्यंत घोटा दिसेनासा झाला इतका सुजला.

सोनोग्राफीत पुन्हा तुटलेलं नाही निघालं, तेवढं नशीब. पण ताणलं गेलं होतं. आता मला ज्या फिजिओ बघतात त्या मॅडमनी मला कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा कुठे सगळं डोक्यात शिरलं, आणि हे दुसऱ्यांनाही कळावं म्हणून लिहितो. टेंडन भरताना आधी सूज येते, मग घाईघाईने कच्चं कोलॅजन भरतं, वेडंवाकडं, कसंही, आणि मग महिनोन्महिने ते कच्चं जाऊन पक्कं, एका रेषेतलं कोलॅजन तयार होत राहतं, वर्षभर आणि त्याहून जास्त. दुखणं मात्र पहिल्या महिना-दीड महिन्यातच जातं. कुपी घ्या नाहीतर नका घेऊ, जातंच. म्हणजे दुखणं थांबलं तेव्हा माझा दोर भरला नव्हता, कच्चा होता, आणि पुन्हा तुटण्याचा धोका पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतच सगळ्यात जास्त असतो. दोर लांब होऊन भरला की पोटरी कितीही कमावली तरी ओढ पुरत नाही. आज दहा महिने झाले, उजव्या एका पायावर मी पंचवीस वेळा टाच उचलतो, डाव्यावर तीन वेळा, तेही अर्धवट.

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी मोठा भाऊ आणि वहिनी घरी आले. वहिनी फार्मसिस्ट आहेत, टिळक रोडवर मेडिकलच्या दुकानात वीस वर्षं उभ्या आहेत. पाणी घ्यायला फ्रीज उघडला आणि कुपी हातात घेऊन बाहेर आल्या, भावोजी, हे काय आहे? मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावून कुपी सगळीकडून फिरवून बघितली. लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही, किंमत नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, फक्त खाली बारीक इंग्रजी अक्षरात की हे संशोधनासाठी आहे, माणसाने वापरायचं नाही. मी महिनाभर ती रोज हातात घेत होतो आणि ती ओळ वाचली नव्हती. वहिनी ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, दहा रुपयांच्या पॅरासिटामॉलच्या पट्टीवर पण बनवणाऱ्याचं नाव असतं भावोजी, यात काय आहे हे मला सांगता यायचं नाही आणि ज्याने विकलं त्यालाही नाही.

त्यानंतर मी वाचायला बसलो. पाय वर ठेवून बसण्याशिवाय दुसरं काम पण नव्हतं. पेप्टाइड हा शब्दच मुळात फसवा झालाय. इन्सुलिन पेप्टाइडच आहे, ५१ अमिनो आम्लांची साखळी, १९२२ पासून माणसांना दिलं जातंय, त्याचा डोस, धोका, सगळं माहिती आहे. हल्ली वजनाचं जे सेमाग्लुटाइड गाजतंय तेही पेप्टाइडच, हजारो लोकांवर चाचण्या होऊन आलेलं. ट्रेनर मंडळी हेच सांगतात, काका, इन्सुलिनपण पेप्टाइडच की, आणि आपल्याला पटतं. बीपीसी-१५७ ही १५ अमिनो आम्लांची प्रयोगशाळेत बनवलेली साखळी, जठररसातल्या एका प्रथिनाचा तुकडा म्हणून सांगतात. तिच्यावरचं बहुतेक काम क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एका गटाने केलंय, उंदरांवर. उंदरांच्या टाचेचं टेंडन कापून मग हे देऊन बघितलं तर लवकर भरलं असं त्यांना दिसलं, आणि ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तीस वर्षं झाली, माणसांवरचे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे आणि तेही छोटे, आणि तुटलेलं टेंडन भरतं का हे अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी देऊन नीट बघितलेला मोठा अभ्यास एकही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये याला सुरक्षेची काळजी असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं, जागतिक उत्तेजकविरोधी संस्था म्हणजे वाडा, त्यांनी २०२२ पासून बंदी घातली, टीबी-५०० वर पण त्यांची बंदी आहे. म्हणजे बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव करणाऱ्या कुणा मुलीने डॉक्टरच्या नव्हे, जिमवाल्याच्या सल्ल्याने हे घेतलं आणि लघवीच्या तपासणीत सापडली तर तिची वर्षं जातील, दुखापत खरी होती हे कोणी विचारात घेणार नाही.

अजून एक गोष्ट मला रात्री झोपू देत नव्हती. हे नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं असं म्हणतात, त्यामुळेच टेंडन भरत असावं. पण शरीरात कुठे बारीकशी गाठ असेल तर तिलाही रक्तवाहिन्याच लागतात. माणसांत असं झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, मी घाबरवत नाहीये, पण तपासलेलंच नाही तर झालं नाही असं तरी कोण म्हणणार. माझ्या वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता. कुपी विकणाऱ्याने मला घरात कुणाला कॅन्सर होता का हे विचारलं नव्हतं. हाच प्रश्न, आता ज्यांना पाय दाखवतो त्या नव्या डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारला.

त्यांनी अजून एक विचारलं, दुखापतीच्या आधी कुठली अँटिबायोटिक घेतली होती का. मी म्हटलं हो, गणपतीच्या आधी खोकला जात नव्हता म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन घेतली होती, मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणली होती, आठ दिवस. ते गप्प झाले. या जातीच्या औषधांनी, सिप्रोफ्लॉक्सासिन पण त्यातलंच, टेंडन कमजोर होऊन तुटू शकतं, अमेरिकेने २००८ मध्येच त्यावर चौकटीतली सूचना छापायला लावली. धोका थोड्याच लोकांना असतो, साठीच्या पुढचे आणि स्टेरॉइड घेणारे यांना जास्त, आणि माझं त्यामुळेच तुटलं असं कोणी खात्रीने सांगू शकणार नाही. पण ती गोळी चालू असताना आणि पुढे काही आठवडे उड्या मारायच्या नाहीत हे मला माहीत असतं तर मी महिनाभर रॅकेट कपाटात ठेवली असती. म्हणून वाचकांना सांगतो, या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर मनाने बंद करू नका, पण टाचेला दुखायला लागलं तर त्याच दिवशी त्यांना फोन करा, आणि जुन्या चिठ्ठीवर स्वतःहून तर अजिबात आणू नका.

आता सप्लिमेंटचं. कोलॅजनची पावडर मी पण आणली, स्ट्रॉबेरी फ्लेवरची. आई एकादशी करणारी, तिने डबा हातात घेऊन विचारलं हे कशापासून करतात रे, आणि मला उत्तर देता येईना. कोलॅजन हे जनावरांच्या कातड्या-हाडांचं नाहीतर माशांचंच असतं, झाडात कोलॅजन नसतं, शाकाहारी म्हणून जे विकतात त्यात क जीवनसत्त्व आणि इतर गोष्टी घातलेल्या असतात. ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांनी विकत घेण्याआधी विचारून घ्या. उपयोग होतो का? २०१७ चा एक अभ्यास सगळे दाखवतात, त्यात क जीवनसत्त्वासोबत १५ ग्रॅम जिलेटिन घेऊन तासाभराने सहा मिनिटं दोरीवरच्या उड्या मारल्या तर कोलॅजन बनत असल्याची रक्तातली खूण दुप्पट झाली. माणसं किती होती माहितीये? आठ. सगळी धडधाकट तरुण, कुणाचं काही तुटलेलं नाही. म्हणजे आशा ठेवायला जागा आहे, पण डब्यावर जी छाती ठोकून लिहितात तेवढी नाही. आणि उड्यांशिवाय नुसती पावडर पिऊन बसलं तर काय, ते त्यात नाहीच.

फिजिओ मॅडमनी मला जे करायला लावलं ते पावडरीपेक्षा कंटाळवाणं पण माझ्या जास्त उपयोगी पडलं. त्यांनी दोन दिवस जे खाल्लं ते लिहून आणायला सांगितलं. माझं वजन ७२, बऱ्या होणाऱ्या शरीराला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन धरलं तर नव्वद ते एकशे आठ ग्रॅम लागतं. आणि माझं निघालं पंचेचाळीस, कारण पोळी-भाजी, वरण-भात, संध्याकाळी चहा-खारी. आमटीच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच असतं हो, आपल्याला वाटतं डाळ खाल्ली म्हणजे झालं. मग सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर उसळ आणि दही, चार वाजता मूठभर शेंगदाणे, रात्री पनीर नाहीतर सोयाबीन, आणि थोडं कमी पडलं तर व्हे म्हणजे दुधातल्या प्रोटीनची पावडर, बिल घेऊन, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नंबर बघून. क जीवनसत्त्वाला पेरू आणि आवळा. आईने गावाकडून कांडवेल, हाडं जोडते म्हणतात ती, मागवली होती, तिची चटणी मी प्रेमाने खाल्ली, तिच्याबद्दल मी दावा करत नाही. ड जीवनसत्त्व तपासलं तर फारच कमी होतं, त्यासाठी आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी, आठ आठवडे, डॉक्टरांनी लिहून दिली आणि आठ आठवड्यांनी बंद केली. हे बंद करणं महत्त्वाचं आहे. वहिनी सांगतात की लोक एकदा चालू केलेली पुडी वर्ष-दोन वर्षं घेत राहतात, कोणी कोणी रोज घेतात, आणि मग रक्तात कॅल्शियम वाढून किडनीपर्यंत प्रकरण जातं. आणि शुगर असेल तर ती आटोक्यात ठेवणं, तंबाखू-सिगरेट सोडणं, याने टेंडनला जो फायदा होतो तो कुठल्याच डब्यात मिळत नाही, पण त्याची जाहिरात कोण करणार.

आता मूळ कारण ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय. आमच्या भागात जे कॉलेजचं ग्राउंड आहे तिथे मी सकाळी चालायला जातो, आणि तिथे पोलीस भरतीची पोरं पळतात. तुम्हाला माहितीच आहे, बीड, परभणी, नांदेड, लातूरकडची पोरं, एका खोलीत पाच-सहा जण, मेसचा डबा, पहाटे १६०० मीटरची तयारी, पोरी ८०० मीटरच्या. मे महिन्यात एक पोरगा माझ्याजवळ आला, वय बावीस, पायात झिजलेले बूट, म्हणाला काका, तुम्ही पण बीपीसी घेतली होती ना, मला सांगा ना किती पॉइंट घ्यायची, म्हणजे सिरिंजवरच्या किती रेघा. त्याचं टेंडन तुटलेलं नव्हतं. सकाळी उठल्यावर टाचेमागे आखडायचं, पळताना सुरुवातीला दुखायचं, मग थोडं कमी व्हायचं, असं तीन महिने. मी विचारलं कुपी कुठून आणली. कुठल्यातरी जिममधून, चौघांनी वर्गणी काढून एक. त्याने आईने पाठवलेले मेसचे पैसे दिले होते. चौघांत एक कुपी, आणि सुया दोन. धुऊन वापरतो म्हणाला. त्याला हिपॅटायटिस कसा होतो हे कुणी सांगितलेलं नव्हतं, एचआयव्हीचं नाव ऐकलं होतं पण ते वेगळ्या लोकांना होतं असं त्याला वाटत होतं. वरून आधीची कुपी ५ मिलिग्रॅमची होती आणि नंतरची १० ची आली, पाणी तेवढंच घातलं, सिरिंजवरची रेघ तीच ठेवली, म्हणजे दुप्पट गेलं, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

मी त्याला माझ्या फिजिओ मॅडमकडे घेऊन गेलो. त्यांनी त्याला पायरीवर उभं केलं, चवडे पायरीवर, टाचा हवेत, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एकाच पायाने हळू हळू टाच पायरीच्या खाली न्यायची. पंधराचे तीन सेट, एकदा गुडघा ताठ ठेवून आणि एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९८ साली हा व्यायाम छापला, तेव्हापासून जगभर वापरतात. पैसे शून्य, पायरी प्रत्येक इमारतीत आहे. (टेंडन तुटलेल्यांनी किंवा ऑपरेशन झालेल्यांनी हा व्यायाम मनाने करू नये, तो जुनाट दुखण्यासाठी आहे.) पळणं अर्ध्यावर आणलं, बूट बदलायला लावले, रक्त तपासून घेतलं, ते चांगलं आलं. अजून बारा आठवडे झाले नाहीत म्हणून मी तो बरा झाला असं लिहीत नाही. सकाळचं आखडणं कमी झालंय असं तो म्हणतो. बाकीच्या तिघांपैकी एकच जण तपासणीला आला.

संपादक साहेब, या पोराला कुपीकडे कोणी ढकललं? जी गोष्ट मला ढकलून गेली तीच. टेंडनला इतका वेळ लागतो, त्या वेळात रोज हे हे करायचं असतं, एवढं त्याला कोणी बसून सांगितलं नाही. सरकारी दवाखान्यात पेनकिलर आणि आराम कर. भरती तोंडावर असलेल्या पोराला आराम कर सांगून तो आराम करेल का? जो माणूस त्याच्याशी बोलला, त्याच्या दुखण्याला नाव दिलं आणि दीड महिन्याचा वायदा केला, तो कुपी विकणारा होता.

म्हणून माझं मागणं असं आहे. हाडांच्या डॉक्टरांनी पेशंटला पेप्टाइड वगैरे काही घेताय का हे सरळ विचारावं, न रागावता, कारण रागावलात की आम्ही लपवतो, मी पहिल्या डॉक्टरांपासून लपवलंच होतं. ऑपरेशनच्या हॉस्पिटलांनी डिस्चार्जच्या कार्डासोबत मराठीत एक पान द्यावं, कुठल्या आठवड्यात बूट, कुठल्या आठवड्यात किती भार, दुखणं गेलं तरी कुठल्या महिन्यापर्यंत चवड्यांवर उभं राहायचं नाही. एका पानाचा खर्च किती येतो? अन्न व औषध प्रशासनाने जिम आणि सप्लिमेंटच्या दुकानांत नुसतं प्रोटीनच्या डब्यांचे नमुने न घेता या कुप्या पण शोधाव्यात, संशोधनासाठी असं लिहून माणसांना विकणं थांबवावं. ज्यांना अशा इंजेक्शनने किंवा कुठल्याही औषधाने त्रास झालाय त्यांच्यासाठी केंद्राचा १८००-१८०-३०२४ हा मोफत नंबर आहे, औषधाचा दुष्परिणाम पेशंट स्वतः कळवू शकतो, हे माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला ४७ व्या वर्षी कळलं. आणि आपल्या पुरवणीने, ज्यात त्या चार ओळी आल्या, त्याच पानावर पुढच्या महिन्यात टेंडनच्या पुनर्वसनावर पूर्ण पान द्यावं, आपल्या पुण्यात इतके चांगले फिजिओ आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्यावं.

दरवर्षी मी माऊलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालतो, दिवे घाट चढतो, वडील असताना त्यांच्याबरोबर, नंतर एकटा. यंदा हडपसरपर्यंत गेलो आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून दिंड्या पुढे जाताना बघितल्या. चढावर टाच उचलावी लागते आणि माझी अजून उचलत नाही. मॅडम म्हणतात पुढच्या वर्षीचं ध्येय ठेवा, मी ठेवलंय, रोज सकाळी आणि रात्री जिन्यात उभा असतो.

चौथी कुपी मी उघडली नव्हती. ती अजून फ्रीजमध्ये आहे, वहिनींनी सांगितलं म्हणून कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून ठेवलीय. प्रशासनाला किंवा एखाद्या सरकारी प्रयोगशाळेला त्यात नक्की काय आहे ते तपासायचं असेल तर आपल्यामार्फत निरोप द्यावा, मी स्वतः आणून देईन आणि कुठून घेतली तेही त्यांना सांगेन.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
कर्वेनगर, पुणे